विंचेस्टरच्या नोंदवहीतील एक ओळ

पावसाळ्याचे दिवस होते. सकाळची मिस्सा आटोपून आम्ही कचेरीत येऊन बसलो, तोच एक वृद्ध माउली हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद घेऊन दारात उभी राहिली. नातवाच्या परदेशगमनासाठी तिच्या स्नानसंस्काराचा दाखला हवा होता. तो आम्ही आधीच्या आठवड्यात दिला होता. तोच ती परत घेऊन आली होती.

"फादर, माझं गाव चुकलंय," ती म्हणाली.

आम्ही कपाटातून जुनी वही काढली. पाने पिवळी, कडा वाळवीने कुरतडलेल्या, शाईचा रंग तपकिरी झालेला. नाव बरोबर होते, आईवडिलांची नावे बरोबर होती, पण गावाच्या रकान्यात शेजारच्या गावाचे नाव होते. बाळंतपणासाठी आई माहेरी गेली असेल आणि लिहिणाऱ्याने तेच गाव टिपले असेल, अशी आम्ही समजूत घातली. माउलीने क्षणभर विचार केला आणि विचारले, "म्हणजे लिहिणारा चुकला का सांगणारा?"

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. चर्चच्या नियमानुसार जुनी नोंद खोडता येत नाही. जे नव्याने कळते ते समासात लिहायचे, असा दंडक आहे. त्याप्रमाणे आम्ही समासात टीप लिहिली आणि ती समाधानाने गेली. परंतु तिचा प्रश्न आमच्या मनात राहिला आणि त्या प्रश्नाने आम्हांला थेट सोळाव्या शतकातील इंग्लंडमधल्या एका शाळेच्या नोंदवहीपाशी नेले. त्या वहीतही अशीच एक ओळ आहे, तिच्यातही गावाचा घोळ आहे, आणि ती ओळ ज्या मुलाची आहे त्याच्या ऋणातून आपण मराठी भाषक कॅथलिक कधीच मुक्त होणार नाही. तो मुलगा म्हणजे पुढे 'ख्रिस्तपुराण' रचणारे फादर थॉमस स्टीफन्स.

प्रथम त्या शाळेविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. दक्षिण इंग्लंडमध्ये विंचेस्टर नावाचे प्राचीन नगर आहे. तेथील बिशप विल्यम ऑफ विकहॅम यांनी १३८२ साली तेथे एक विद्यालय स्थापन केले आणि १३९४ साली त्याच्या नव्या वास्तूत विद्यार्थी राहू लागले. हे बिशप स्वतः सामान्य घरातून वर आलेले होते. त्यांनी त्याआधी, १३७९ मध्ये, ऑक्सफर्ड येथे न्यू कॉलेज स्थापिले होते. विंचेस्टरमध्ये मुलांनी लॅटिन व्याकरण पक्के करावे आणि मग ऑक्सफर्डला जाऊन उच्च शिक्षण घ्यावे, अशी त्यांची योजना होती. त्या काळी प्लेगच्या साथींनी धर्मगुरूंची संख्या घटलेली होती. शिकलेले धर्मगुरू मिळावेत ही त्यांची मुख्य तळमळ होती.

या शाळेत सत्तर मुलांच्या राहण्याजेवणाचा व शिक्षणाचा खर्च संस्थापकांच्या देणगीतून होत असे. ही मुले गरीब व गरजू असावीत, असे संस्थापकांनी नियमांत लिहून ठेवले होते. त्यांना 'स्कॉलर' म्हणत. त्यांच्याखेरीज पैसे भरून शिकणारी श्रीमंतांची मुलेही असत. येथे एक गमतीची गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. देणगीच्या पैशावर शिकणाऱ्या मुलांचा हिशेब ठेवणे भाग असल्यामुळे त्यांची नावे अगदी आरंभापासून नोंदविली गेली. पैसे भरणाऱ्या श्रीमंत मुलांची तशी पद्धतशीर नोंद त्या जुन्या काळात राहिली नाही. जगाच्या इतिहासात बहुधा श्रीमंतांची नावे उरतात आणि गरिबांची पुसली जातात. विंचेस्टरच्या वहीत मात्र नेमके उलटे घडले.

नोंद करण्याची पद्धत साधी होती. मुलाचे नाव, गाव, वय आणि प्रवेशाचे वर्ष. पाचशे वर्षे ही नावे लॅटिनमध्ये, हस्ताक्षरात, कपाटात पडून होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस थॉमस फ्रेडरिक कर्बी हे त्या शाळेचे खजिनदार होते. त्यांनी ही सर्व नावे काढून, प्रत्येकापुढे त्याचे पुढे काय झाले याची जमेल तेवढी माहिती जोडून, १८८८ साली 'विंचेस्टर स्कॉलर्स' नावाचा ग्रंथ छापला. कोण न्यू कॉलेजात गेला, कोण कोठल्या पॅरिशचा धर्मगुरू झाला, कोण बिशप, कोण न्यायाधीश. बहुतेकांच्या वाट्याला एक किंवा दोन ओळी आल्या. चौदाव्या शतकापासूनच्या हजारो मुलांची आयुष्ये अशी ओळीओळींत मांडलेली पाहिली की आम्हांला आमच्या कचेरीतील कपाट आठवते.

तसे पाहिले तर अशा वह्या ठेवण्याची शिस्त युरोपातही पुष्कळ उशिरा आली. इंग्लंडमध्ये प्रत्येक पॅरिशने स्नानसंस्कार, विवाह व दफन यांची नोंद ठेवावी, असा हुकूम १५३८ साली राजा आठवा हेन्री याचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने काढला. कॅथलिक चर्चमध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये विवाहाच्या व स्नानसंस्काराच्या नोंदी ठेवणे पॅरिश धर्मगुरूंना बंधनकारक केले. म्हणजे विंचेस्टरची वही या दोन्ही हुकुमांहून सुमारे दीडशे वर्षांनी जुनी आहे.

आता सोळाव्या शतकाकडे वळू. १५५८ मध्ये एलिझाबेथ राणी गादीवर आली. पुढच्याच वर्षी चर्चवरील सर्वोच्च अधिकार राणीचा आहे असे मान्य करणारी शपथ धर्मगुरू, अधिकारी आणि विद्यापीठातले पदवीधर यांच्यावर लादण्यात आली. विंचेस्टर व न्यू कॉलेज ही दोन्ही ठिकाणे जुन्या श्रद्धेला चिकटून राहिली होती. शाळेचे मुख्याध्यापक थॉमस हाइड यांनी शपथ घेण्याऐवजी पद सोडले आणि पुढे ते समुद्रापलीकडे लूव्हेन येथे गेले. निकोलस सँडर, थॉमस हार्डिंग, थॉमस स्टेपल्टन हे मोठे कॅथलिक विद्वान याच शाळेचे विद्यार्थी. तेही मायदेश सोडून गेले आणि परक्या भूमीवरून त्यांनी आपल्या श्रद्धेच्या बाजूने ग्रंथ लिहिले.

काहींनी ग्रंथ लिहिले, तर काहींनी रक्त दिले. जॉन बोडी हा विंचेस्टरचा विद्यार्थी आणि न्यू कॉलेजचा फेलो. राणीचे धर्मविषयक सर्वाधिकार नाकारल्याबद्दल त्याला १५८३ साली अँडोव्हर येथे ठार मारण्यात आले. त्याच शाळेत शिकलेले जॉन मंडन धर्मगुरू होऊन परतले आणि १५८४ साली टायबर्न येथे हुतात्मा झाले. १९२९ साली पोप अकरावे पायस यांनी या दोघांना धन्यवादित घोषित केले. शाळेच्या वहीत प्रवेशाच्या दिवशी यांची नावे लिहिणाऱ्या कारकुनाला काय कल्पना, की ही दोन नावे पुढे चर्चच्या वेदीवरून उच्चारली जातील? त्याच्या दृष्टीने ती सत्तरांतली दोन पोरे होती.

याच काळात, १५६४ साली, त्या वहीत एक ओळ लिहिली गेली: थॉमस स्टीव्हन्स, गाव बोर्टन, परगणा डॉर्सेट, वय तेरा.

ही ओळ आमच्या फादर स्टीफन्सांची आहे काय? येथे लिहिणारा चुकला का सांगणारा, हा आमच्या माउलीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. येशूसंघाच्या जुन्या नोंदींत त्यांचा जन्म विल्टशर परगण्यात, सॉल्सबरी धर्मप्रांतात झाल्याचे आहे आणि गावाचे नाव बुल्स्टन असे दिले आहे. हे गाव म्हणजे क्लिफ पायपर्ड पॅरिशमधील बुश्टन, असे अभ्यासक मानतात. त्यांचे जन्मवर्ष साधारण १५४९ धरले जाते. त्या हिशेबाने १५६४ मध्ये त्यांचे वय पंधराच्या आसपास व्हायला हवे, तर शाळेची वही तेरा म्हणते. बोर्टन आणि बुश्टन ही नावे उच्चाराला जवळची आहेत. शिवाय डॉर्सेटमधले बोर्टन हे विल्टशरच्या हद्दीला लागूनच आहे. १८९८ साली इंग्लंडच्या राष्ट्रीय चरित्रकोशात स्टीफन्स यांच्यावर टिपण लिहिणाऱ्याने कर्बीच्या ग्रंथातील हीच ओळ पुढे ठेवली, पण 'हाच तो असावा असे दिसते' एवढ्याच सावध शब्दांत. आम्हांला हा सावधपणा आवडतो. इतिहास लिहिणाऱ्याने आपल्या प्रेमापोटी पुराव्याला अधिक बोलायला लावू नये.

तरीही आमचे मन त्या ओळीकडे झुकते, आणि त्यास कारणे आहेत. स्टीफन्स यांचे तरुणपणीचे स्नेही थॉमस पाउंड हेही विंचेस्टरचेच विद्यार्थी असल्याचे सांगतात. हे पाउंड प्रथम राणीच्या दरबारी होते. नंतर त्यांचे मन पालटले आणि ते कॅथलिक श्रद्धेकडे परतले. स्टीफन्स त्यांच्याबरोबर नोकराच्या वेषात वावरत, म्हणजे सरकारी हेरांना संशय येऊ नये. दोघांनी मिळून रोमला जायचे ठरविले होते. परंतु पाउंड पकडले गेले आणि पुढची सुमारे तीस वर्षे त्यांनी निरनिराळ्या तुरुंगांत काढली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि २० ऑक्टोबर १५७५ रोजी तेथे येशूसंघात दाखल झाले. तेथून त्यांनी बंदिवान मित्रासाठी संघाच्या मुख्याधिकाऱ्यांकडे रदबदली केली आणि पाउंड यांना तुरुंगात असतानाच येशूसंघात घेण्यात आले. 

दुसरे कारण याहून हृद्य आहे. त्याच वर्षी, सव्वा महिना आधी, ११ सप्टेंबर रोजी रोममध्ये आणखी एक इंग्रज तरुण येशूसंघात दाखल झाला होता. त्याचे नाव हेन्री गार्नेट. तोही विंचेस्टरचाच स्कॉलर, स्टीफन्स यांच्यानंतर तीन-चार वर्षांनी शाळेत आलेला. हे दोघे एकाच छपराखाली लॅटिनची रूपे घोकत असतील आणि काही वर्षांनी रोमच्या नवशिक्या संन्याशांच्या मठात पुन्हा समोरासमोर आले असतील, ही कल्पना मनाला स्पर्श करते. पुढे गार्नेट इंग्लंडला परतले, १५८६ पासून तेथील येशूसंघीयांचे प्रमुख झाले आणि ३ मे १६०६ रोजी लंडनमध्ये सेंट पॉलच्या प्रांगणात त्यांना फाशी देण्यात आली. एक मित्र तुरुंगात, दुसरा वधस्तंभावर. आणि तिसरा? तिसरा आपल्याकडे आला.

४ एप्रिल १५७९ रोजी स्टीफन्स लिस्बनहून जहाजावर चढले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यास उतरले. १० नोव्हेंबरला त्यांनी आपल्या वडिलांना एक लांबलचक पत्र लिहिले. त्यात सागरप्रवासाचे, वाऱ्यांचे, रोगराईचे, माशांचे व पक्ष्यांचे बारकाईने वर्णन आहे. रिचर्ड हॅक्लूट या इंग्रज संग्राहकाने ते १५८९ साली आपल्या प्रवासवर्णनांच्या ग्रंथात छापले. ज्या मुलाला श्रद्धेसाठी वेषांतर करून देश सोडावा लागला, त्याचेच पत्र त्या देशातील व्यापारी व नाविक हिंदुस्थानचा मार्ग समजून घेण्यासाठी वाचू लागले.

स्टीफन्स यांनी स्वतःच्या देशबांधवांना मात्र अंतर दिले नाही. १५८३ साली न्यूबेरी, फिच, लीड्स व स्टोरी हे चार इंग्रज ओर्मुझ येथे पोर्तुगीजांच्या हाती सापडले आणि कैदी म्हणून गोव्यास आणले गेले. त्यांना जामिनावर सोडविण्याच्या कामी स्टीफन्स यांनी खटपट केली. न्यूबेरीने आपल्या पत्रात या विल्टशरच्या पाद्रीचा कृतज्ञतेने उल्लेख केला आहे. म्हणजे विल्टशर ही ओळख समुद्रापलीकडेही त्यांच्याबरोबर होती.

त्याच वर्षी २५ जुलै रोजी साष्टीतील कुंकळ्ळी येथे फादर रुडॉल्फ आक्वाव्हिवा व त्यांचे सोबती मारले गेले. पॅरिसमधल्या आपल्या भावाला, रिचर्डला, २४ ऑक्टोबर १५८३ रोजी पाठविलेल्या पत्रात स्टीफन्स यांनी ही घटना कळविली. याच पत्रात त्यांनी आणखी एक निरीक्षण नोंदविले: या देशातील भाषांची घडण ग्रीक व लॅटिनशी मिळतीजुळती आहे. सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या नात्याविषयी आपले प्रसिद्ध विवेचन १७८६ मध्ये केले. त्याच्या दोनशे वर्षे आधी, साष्टीच्या मातीत वावरणाऱ्या एका धर्मगुरूच्या कानाला ते नाते जाणवले होते. लॅटिनची ही जाण त्यांना कोठे लाभली? विंचेस्टरच्या बाकांवरच लाभली असावी, असे आम्हांस वाटते. त्या काळचे मुख्याध्यापक क्रिस्टोफर जॉन्सन स्वतः लॅटिन कवी होते आणि वृत्तबद्ध रचना करणे हा तेथील मुलांच्या शिक्षणाचा भागच होता.

पुढची चाळीस वर्षे स्टीफन्स यांनी गोव्यात, मुख्यतः साष्टीत, घालविली. ते कोकणी शिकले, मराठी शिकले. १६०८ साली त्यांनी रोमला आपल्या मुख्याधिकाऱ्यांना लिहिले की, या देशाच्या भाषेत व लिपीत ग्रंथ छापलेले पाहावेत अशी आपली फार दिवसांची इच्छा आहे. अडचण अशी की युरोपात चोवीस अक्षरांवर भागते, येथे सुमारे सहाशे खिळे ओतावे लागतील. ती इच्छा पुरी झाली नाही. १६१६ साली राचोल येथे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले ते रोमन लिपीत. जुन्या कराराचे छत्तीस व नव्या कराराचे एकोणसाठ अवस्वर, मिळून सुमारे अकरा हजार ओव्या. मराठीचा गौरव करणाऱ्या त्यातील ओव्या आज शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतात. १६१९ साली फादरांचे निधन झाले. त्यांची कोकणी 'दौत्रिन' १६२२ मध्ये, तर व्याकरण १६४० मध्ये छापले गेले. भारतीय भाषेचे पहिले छापील व्याकरण म्हणून त्या ग्रंथाची ख्याती आहे.

पुराणाच्या १६४९ व १६५४ मध्ये आणखी दोन आवृत्त्या निघाल्या, परंतु या तिन्ही छापील आवृत्त्या काळाच्या ओघात नाहीशा झाल्या. ग्रंथ तगला तो हाताने उतरवून घेतलेल्या प्रतींमुळे. उपवासकाळात घराघरांतून व चर्चमधून तो गायला जात असे. मंगळूरकडील कॅथलिक कुटुंबांनी जपलेल्या हस्तलिखितांवरून जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली तो पुन्हा छापला. प्रा. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती १९५६ मध्ये पुण्यास निघाली आणि जी लिपी फादरांना हवी होती ती त्यांच्या ग्रंथाला तीनशे चाळीस वर्षांनी मिळाली. विद्वानांनी ग्रंथ शोधला हे खरेच, पण तो वाचवला तो साध्या कुटुंबांनी.

आणि फादरांच्या नावाचे काय झाले? गावाचे नाव त्यांच्या नावाला असे काही चिकटले की पुढे लोक त्यालाच आडनाव समजू लागले. १९०८ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी कॅथलिक विश्वकोशाच्या तिसऱ्या खंडात त्यांच्यावरचा लेख 'स्टीफन्स' या नावाखाली नाही. तो 'बस्टन, थॉमस स्टीफन' या नावाखाली आहे! शाळेच्या वहीत गाव चुकले, विश्वकोशात गावाचे आडनाव झाले. ज्यांनी एका परक्या भाषेतील शब्द न शब्द जपून वापरला, त्यांचे स्वतःचे नाव मात्र लिहिणाऱ्यांना नीट जपता आले नाही.

यातून आपण काय घ्यावे? आम्हांला वाटते, दोन गोष्टी घ्याव्यात.

पहिली ही की, नोंदवही माणसाची सुरुवात सांगते, त्याचे मोल सांगत नाही. विंचेस्टरच्या वहीत ज्यांच्यापुढे बिशप, न्यायाधीश अशी मोठी पदे लिहिली गेली त्यांतल्या कितीकांची आज कोणाला आठवण आहे? आणि ज्या ओळीपुढे पद नाही, गावही धड नाही, त्या मुलाच्या ओव्या चारशे वर्षांनंतर आपल्या घरांत गायल्या जातात. प्रभूने शिष्यांना आपली नावे स्वर्गात लिहिलेली आहेत यातच आनंद मानण्यास सांगितले. त्या वहीत गावाचा घोळ होत नाही, एवढा आमचा विश्वास आहे.

दुसरी गोष्ट अधिक व्यवहाराची आहे. स्वर्गातली वही बिनचूक आहे म्हणून पृथ्वीवरच्या वहीकडे दुर्लक्ष करावे, असे होत नाही. कारकुनाने १५६४ साली ती एक ओळ लिहिली नसती, कर्बीने ती छापली नसती, तर आपल्याला हा शोध घेण्यास धागाच उरला नसता. आपल्या पॅरिश शाळांचे जुने हजेरीपट आज कोठे आहेत? त्या शाळांत शिकून किती मुले धर्मगुरू झाली, किती मुली धर्मभगिनी व शिक्षिका झाल्या, किती जण बावखलाच्या पाण्यावर केळी-पानवेली पिकवीत राहिले, किती जण आखातात गेले? विंचेस्टरच्या जुन्या वहीत मुलींची नावे नाहीत. तेथे वरच्या वर्गांत मुलींना प्रवेशच २०२२ साली मिळाला. आपल्या शाळांत मुली पिढ्यान्‌पिढ्या शिकत आल्या आहेत. त्यांची आयुष्ये टिपून ठेवण्याचे काम आपण केले नाही, तर ते दुसरे कोण करणार?

वाचकहो, एवढे तरी करा. घरात जे वडीलधारे आहेत त्यांच्यापाशी बसा. त्यांची शाळा कोणती, गुरुजी कोण, सोबती कोण, पुढे कोण कोठे गेले, हे एका वहीत उतरवून घ्या. गावाचे नाव त्यांनाच विचारून लिहा आणि लिहिलेले त्यांना वाचून दाखवा. चूक झालीच तर खोडू नका. समास मोकळा ठेवा.

त्या माउलीचा दाखला आता दुरुस्त झाला आहे. तिचा नातू परदेशी गेला. जाण्यापूर्वी तो आशीर्वाद घेण्यास आला, तेव्हा आम्ही त्याला ती जुनी वही दाखविली आणि समासातील ती टीपही. त्याने त्या ओळीवर बोट ठेवून आजीचे नाव हळूच वाचले. मग गावाचे नाव वाचले, दोन्ही.